ठिकाणाचा रकाना

हळदीच्या पेढीवर कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. त्यातली हळद कळफलकात शिरली, ती पुढे वर्षभर मी कापसाच्या बोळ्यानं काढत होते. तसं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद कुठे शिरत नाही? माझ्या नखांत होती, डब्यातल्या भाकरीवर होती. आई म्हणायची, तुझं लगीन रोजच लागतंय बघ.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटरचा कोर्स करून मी त्या पेढीवर ऑपरेटर म्हणून लागले होते. मालक साठीच्या पुढचे, बायको कधीच वारलेली. एकुलता मुलगा अमेरिकेत, कॉम्प्युटरच्याच कंपनीत. दिवाळीला आला तेव्हा हे मशिन, मोडेम आणि एक प्रोग्रॅम त्यानंच बसवून दिला होता. त्या प्रोग्रॅममध्ये ईमेल आणि कॅलेंडर एकत्र होतं. मालकांचा दिवस मी त्यात भरायची: सौदा, बँक, साताऱ्याचा व्यापारी, डॉक्टर. लाईन जोडली की तो दिवस मुलाच्या कॅलेंडरवर जाऊन बसायचा.

परत जाण्याआधी मुलानं स्वतःच्या हातानं एकच नोंद केली. बाबांची बीपीची गोळी, रोज सकाळी. प्रोग्रॅमनं विचारलं, ही नोंद कधीपर्यंत ठेवायची? त्यानं ‘शेवट नाही’ यावर टिचकी मारली. तेव्हापासून रोज सकाळी मशिनमधून घंटी वाजायची आणि मालक हातातलं काम सोडून गोळी घ्यायचे. “पोरगं तिकडनं घंटी वाजवतंय,” असं आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे.

लाईन जोडणं म्हणजे एक दिव्य होतं. एसटीडीनं पुण्याचा नंबर लावायचा, मोडेम किंचाळायचा, आणि नेमकं काम होत आलं की लाईन तुटायची. तोवर लिहिलेले मेल एका खणात पडून राहायचे. मालक त्या खणाला पेव म्हणायचे. आमच्याकडे हळद जमिनीखाली खोल खड्ड्यात साठवतात, ते पेव. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत कोंडलेल्या हवेनं माणूस उभ्या उभ्या खलास होतो. आधी वारं खेळू द्यायचं, मग उतरायचं. मालक माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, “म्याडम, तुमच्या पेवात आज काय हाय?”

पेवात बहुतेक वेळा मुलाला लिहिलेल्या दोन ओळी असायच्या. इंग्रजी अक्षरांत मराठी. बाबा आले. बाबा जेवले. बाबा बँकेत गेले. बाबा शिराळ्याला गेले. मुलाला एवढंच हवं असायचं. रोज संध्याकाळी दोन ओळी, त्यापेक्षा जास्त वाचायला त्याला वेळ नसावा असं मला वाटायचं. तेव्हा मी त्याच्यावर जरा फणफणलेलीच असायची, कारण त्याच्या बापाची उलाघाल मी रोज बघत होते.

चैत्रात एक दिवस सौदा चालू होता. हळदीच्या ढिगांमधून मालक चालले होते आणि वरून एक कावळा खाली आला, त्यांच्या डोक्याला शिवला आणि निघून गेला. टोपी हळदीत पडली. मी दारातून बघत होते. एवढा गलका चालू होता तो एकदम थांबला. हमाल, अडते, शेतकरी सगळे मालकांकडे बघत राहिले आणि मालक वाकून टोपी झटकत हसले. त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

ज्याला जिवंतपणी कावळा शिवला त्याचं मरण जवळ आलं, अशी आमच्या मुलखात समजूत. त्यावर उताराही ठरलेला. त्या माणसाच्या जवळच्या कुणाला तरी, लांब असलेल्या, तो गेल्याचं खोटं कळवायचं. त्यानं खरं समजून रडायचं. ते रडणं झालं की मरणाची खोड मोडते, मग खरं कळवायचं, की बाबा रे, सगळं खुशाल आहे. पूर्वी यासाठी कार्ड टाकायचे.

दुसऱ्याच दिवशी आटपाडीहून एसटीनं मालकांची थोरली बहीण आली. मालक तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही. ती थेट पेढीवर आली, माझ्या मशिनसमोर खुर्ची ओढून बसली.

“पोरी, ह्यातनं अमेरिकेला कळतं म्हनं.”

“कळतं.”

“मग कळीव त्याला. बा गेला म्हनून.”

मी सांगितलं, मी असलं काही लिहिणार नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव, अंगारे, उतारे सगळं शिराळ्याच्या ओढ्यात सोडलं होतं. कावळ्याला भिऊन बसायला आम्ही शिकलोच नव्हतो. आक्कानं कुठल्या गावची, कुणाची, असं विचारून घेतलं आणि टेबलावर आलेला चहा तसाच राहू दिला, कारण तो मी ओतला होता. माझ्या हातचा चहा तिला चालत नव्हता. माझ्या हातचं मरण मात्र चालत होतं.

“फोन करा की मग तुम्हीच,” मी म्हणाले.

“फोनवर माजं हासू फुटंल, न्हाईतर रडू. त्याला कळंल. लिवलेलंच पायजे.”

मालक गादीवरून उठून आले. ते म्हणाले, “लिवा म्याडम. दोनच शब्द लिवा. आक्काचा जीव निवंल.” पण मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा मला वाटलं, इथे आक्काच्या जिवाचा प्रश्नच नाही. कावळ्यावर त्यांचा विश्वास माझ्याइतकाच होता. त्यांना बघायचं होतं, आपण गेल्याचं कळलं तर पोरगं रडतं का. आणि ते मला इतकं स्पष्ट दिसलं की मी नाही म्हणू शकले नाही.

मी लिहिलं, बाबा गेले. मेले असं आपल्या माणसाविषयी कोण लिहितं? खोटं असलं तरी लिहवत नाही. मोडेम किंचाळला, लाईन लागली, पेव रिकामं झालं. आक्का हात जोडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मशिनसमोर. गोळीची घंटी झाली, मालकांनी गोळी घेतली. लाईन जोडली. मुलाचं उत्तर आलेलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

“कुठे गेले? कॅलेंडरवर तर काहीच नाही.”

मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. दोष मुलाचा नव्हताच. बाबा बँकेत गेले, बाबा शिराळ्याला गेले, असं वाचायची त्याला सवय. मी गावाचं नाव लिहायला विसरले असं त्याला वाटलं. आक्काला विनोद कळला नाही. “रडला का?” तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. मग हळूहळू मालकांचं हसू ओसरलं आणि ते पडद्याकडे बघत राहिले.

“कॅलेंडरवर टाका,” ते म्हणाले. “त्याला मेल वाचाया यळ न्हाई. कॅलेंडर बगतो तो.”

“मालक, पुरे आता.”

“टाका म्हंतोय न्हवं.”

कॅलेंडरमध्ये नवी नोंद उघडली की प्रोग्रॅम प्रश्न विचारतो. कशाची नोंद? मी लिहिलं, बाबा गेले. कधी सुरू होणार? मालक म्हणाले, आजच टाका, दुपारच्या चहाला. कधी संपणार? हा रकाना रिकामा सोडता येईना. मी पुढे जायला बघितलं की मशिन टुंग करून मागे आणायचं. शेवटी त्यानं आपणच अर्धा तास भरला. पुन्हा होणार का? रोज, दर आठवड्याला, दर वर्षी? मी घाईघाईनं नाही केलं. आणि ठिकाण. ठिकाणाचा रकाना मात्र रिकामा चालत होता. तो मी तसाच सोडला. बाहेर चैत्रातलं ऊन तापलं होतं.

दुपारी पुन्हा लाईन जोडली. मुलाच्या पत्त्यावरून एकच ओळ आली होती. इंग्रजीत एकच शब्द, ‘ॲक्सेप्टेड’, आणि त्याला जोडून आमचे दोन शब्द.

“काय म्हंतोय?” आक्का.

मी शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला. “मान्य आहे, म्हणतोय.”

आक्कानं पदर तोंडाला लावला. मी भराभर सांगू लागले, तिकडे आत्ता मध्यरात्र आहे, तो झोपला असेल, इथून गेलेली प्रत्येक नोंद मशिनच मान्य करून टाकत असेल, त्यानं तसं लावून ठेवलं असेल.

मालकांनी ऐकून घेतलं. “मशिन कुनाचं?” त्यांनी विचारलं. “त्याचंच न्हवं?”

चहाच्या थोडं आधी घंटी वाजली. घंटी तीच, रोज सकाळी गोळीला वाजायची ती. पडद्यावर चौकट उघडली: बाबा गेले, पंधरा मिनिटं बाकी. मी बंद करायला गेले तर मालकांनी हात धरला. “ऱ्हाऊ दे.” त्यांनी टोपी नीट केली, धोतराचा सोगा सारखा केला आणि खुर्चीत ताठ बसले. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण चौकटीतला आकडा डोळ्यांसमोर उतरत होता. चौदा. तेरा. माझा विश्वास नाही, माझा विश्वास नाही, असं मी मनाशी म्हणत होते. विश्वास नसलेल्या माणसाला हे इतक्यांदा म्हणावं लागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. आकडा संपला. मग चौकटीनं उलट मोजायला सुरुवात केली: वेळ उलटून एक मिनिट झालं. दोन झाली.

मालकांनी श्वास सोडला. “चला,” ते उठत म्हणाले. “झालं.”

मी ती नोंद आमच्या बाजूनं पुसली. आक्का खाली मान घालून आटपाडीला गेली. जाताना म्हणाली, कुनी रडलं न्हाई, उतारा लागला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीची घंटी वाजली आणि मालक जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, मालक, घंटी. ते म्हणाले, “मानूस गेलं म्याडम. मान्य बी झालंय.” मी थट्टा समजून हसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी गोळी घेतली नाही. पुढच्या भेटीगाठी भरायला मी कॅलेंडर उघडलं तर म्हणाले, “त्या चहाच्या फुडं काय बी लिवू नका.” त्यामुळे कॅलेंडर त्या दुपारपर्यंत गच्च भरलेलं आणि त्यानंतर पांढरं. आठवडाच्या आठवडा पांढरा. फक्त सकाळची गोळी, रोज, एकाखाली एक.

मग ते बोलायलाही वेगळं लागले. मी चहा दिला की कप हातात धरून म्हणायचे, “मालकास्नी आल्याचा च्या लय आवडायचा.” सौद्याला गेले तर ढिगाशी उभे राहायचे, बोली लावायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, “मालक असते तर घेतली असती ही हळद.” लोक आधी हसले, मग टाळू लागले. हमाल त्यांच्या अंगावरून जाताना वळसा घालून जायला लागले. दिवे लावायच्या वेळी मी मान वर केली की ते गादीवर बसलेले असायचे, अंगावर सगळीकडे हळदीची पूड, डोळे उघडे, आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं की आपण हाक मारावी का. मारली आणि ओ आली नाही तर? मी रीतसर घाबरले होते. भुताखेताला नव्हे, जिवंत माणसाला.

चेहरा लालबुंद दिसायचा. एकदा नाकातून रक्त आलं. त्या दिवशी मी गोळी आणि पाण्याचा पेला त्यांच्या पुढ्यात आपटला.

“आवं, पोराची परीक्षा घेताय आणि पेपर स्वतःच फाडताय,” मी म्हणाले. माझ्या तोंडून असं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं. नोकरी जाईल तर जाईल.

ते रागावले नाहीत. “मालकिणीनंतर असं कुनी बोललं न्हाई मालकास्नी,” एवढंच म्हणाले आणि गोळी तशीच ठेवली.

मी मुलाला सगळं लिहिलं. कावळा, आक्का, दोन शब्द, मान्य. तुमचे वडील जिवंत आहेत पण तसं वागत नाहीत, गोळी बंद आहे, ताबडतोब फोन करा. लाईन जोडून पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं. रोज गोळीची घंटी वाजायची आणि तिकडे काही हलायचं नाही. त्याच्या घरचा फोन लावला तर यंत्रातला आवाज लागायचा, निरोप ठेवा म्हणून. मला तर वाटायला लागलं, तिकडे माणूस नाहीच. एक मशिन इकडे घंटी वाजवतंय, दुसरं तिकडे मान्य करतंय, आणि मधे हा म्हातारा बसलाय.

मग एका रात्री, हिशेब संपवून निघताना, पेढीवरचा फोन वाजला. मी उचलला. लांबचा, खरखरणारा आवाज.

“बाबा... कधी?” तो म्हणाला. “मी सुट्टीवर होतो. आत्ता ऑफिसला येऊन कॅलेंडर उघडलं. त्यात लिहिलंय... पुढे सगळं कोरं... आणि माझ्या नावानं मान्य...”

मेल त्यानं अजून उघडलेच नव्हते. मी काही सांगायच्या भानगडीत पडले नाही. गादीपाशी जाऊन रिसीव्हर मालकांच्या हातात दिला. तार ताणून ताणून तिथवर पोचली.

“हॅलो,” मालक ओरडले. ट्रंक कॉलच्या जमान्यातला माणूस, फोनवर नेहमी ओरडायचे.

शेजारी उभ्या मलाही ऐकू आलं. मोठा माणूस, हुंदके आवरत नव्हते त्याला. मालक बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून होते. मग त्यांनी तो थोडा बाजूला केला आणि माझ्याकडे बघून, कुणाला तरी झोपवताना बोलतात तसं हळू म्हणाले, “रडतोय गं.”

मी भिंतीकडे तोंड केलं. मला फार आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही त्यांना दाखवायचं नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागितलं. गोळीही. दुसऱ्या दिवशी सौद्यात त्यांनी अशी बोली लावली की साताऱ्याचा व्यापारी वैतागला. आक्काचा निरोप आला, उतारा लागला. मी वाद घातला नाही. मुलानं तिकडे मान्य करायचं काम मशिनकडून काढून घेतलं आणि रोज स्वतः उत्तर द्यायला लागला. बाबा बँकेत गेले. ‘बरं.’ बाबा शिराळ्याला गेले. ‘एसटीनं का गाडीनं?’ मालकांनी मला कॅलेंडर पुढच्या सगळ्या महिन्यांचं भरायला लावलं, पांढरी जागा दिसली की त्यांना चैन पडायची नाही.

गोष्ट असती तर ते पुढच्या चैत्रात त्याच तारखेला गेले असते. तसं झालं नाही. एका पावसाळ्यात, साध्या मंगळवारी, पहाटे झोपेत गेले.

भावकीतल्या लोकांनी मुलाला फोन लावला, पुन्हा तो यंत्रातला आवाज. मरणाचा निरोप यंत्राकडे ठेवायला कुणाची जीभ रेटेना. आक्का मुक्कामाला आलेलीच होती. ती पेढीवर आली आणि त्याच खुर्चीत बसली. मी तिला पाणी दिलं. तिनं ते गटागटा प्यायलं. पेला कुणी दिला हे तिच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही.

“लिव पोरी,” ती म्हणाली. “दोनच शब्द.”

दुसरे शब्द सुचेनात. होते ते आम्ही एकदा वापरून बसलो होतो. तरी मी तेच लिहिले, बाबा गेले, आणि लाईन जोडून तशीच धरून ठेवली. तिकडे संध्याकाळ असणार. तो घरी पोचून मशिन उघडेल, मग उत्तर येईल. आम्ही दोघी वाट बघत बसलो. पत्र्यावर पाऊस होता.

उत्तर आलं. कॅलेंडरचं या वेळी त्यानं काही लिहिलं नव्हतं. मागचेच पहिले दोन शब्द, तिसरा नव्हता.

“काय म्हंतोय?” आक्कानं विचारलं.

“कुठे गेले, विचारतोय.”

आक्कानं माझ्याकडे बघितलं. या वेळी तो गावाचं नाव विचारत नव्हता, त्याला कळलं होतं, हे तिलाही कळलं. तिनं तोंडात पदर कोंबला आणि ती रडायला लागली, आणि मी पडद्यासमोर बोटं कळफलकावर ठेवून बसून राहिले. आमच्या घरी शिकवलेलं होतं की माणूस गेला म्हणजे संपला, तो कुठे जात नाही. ते मी त्याला कसं लिहू? आक्काच्या घरी जे सांगतात ते लिहायला माझा त्यावर विश्वास नव्हता. मी उगाच कॅलेंडर उघडलं, आजची तारीख काढली. सौदा होता, बँक होती, दुपारी डॉक्टर. सगळ्या नोंदींना ठिकाण लिहिलेलं होतं.

तेवढ्यात घंटी वाजली. बाबांची गोळी. आक्का दचकून गादीकडे बघायला लागली, आणि खरं सांगते, मीही बघितलं.